ट्रॅक्टरला लावलेलं दार

आमच्या जालना भागात बर्फ पडत नाही. तरीही बर्फ ढकलायचं यंत्र या भागात पहिल्यांदा मी केलं, आणि माझ्या माहितीप्रमाणे माझ्यानंतर ते कोणी केलेलं नाही.

गोष्ट निजामाच्या राज्यातली. मोठी लढाई नुकतीच संपली होती, रॉकेल पुन्हा मिळायला लागलं होतं, आणि आमच्या गावच्या देशमुखांनी हैदराबादेहून एक जुना ट्रॅक्टर आणला होता. लोखंडी चाकांचा, चाकांना वीतभर खुट्या. जालन्याच्या टेशनावर तो मालगाडीतून उतरवला तेव्हा अर्धं गाव बघायला गेल्तं, आणि उरलेलं अर्धं गाव गेलेल्यांची जनावरं सांभाळत होतं. ट्रॅक्टर चालवायला मला ठेवलं. मी शिकलेलो दुसरीपर्यंत. पण हँडल मारायला दुसरीसुद्धा लागत नाही, खांदा लागतो. पंचक्रोशीत मशिनीवर बसणारा मी एकटा. त्या दिवसांत मी जरा रुंद चालायचो, असं लोक म्हणतात. (खांदे भरले होते, म्हणून.)

ट्रॅक्टरसोबत एक रंगीत चित्र आलं होतं. ते मी वेशीबाहेरच्या देशमुखांच्या गोठ्यात, जिथे ट्रॅक्टर उभा असायचा, तिथे भिंतीला चिकटवलं. चित्रात एक गोरा माणूस ट्रॅक्टरवर बसलाय, ट्रॅक्टरच्या तोंडाला आडवी फळी लावलीय आणि फळीपुढे पांढराशुभ्र ढीग. आता पांढरा ढीग म्हटल्यावर तो कापूस, यात आमच्याकडे कोणाला काय शंका येणार? मी आल्यागेल्याला सांगायचो की, त्या मुलखात कापूस एवढा पिकतो की वेचत बसत नाहीत, ढकलतात. एकदा शाळेच्या मास्तरांनी चित्र बघितलं आणि म्हणाले, हा बर्फ आहे, तिकडे आभाळातून पडतो. मी मास्तरांना मान देतो, पण बर्फ मी पाहिलेला होता. जालन्यात भुशात गुंडाळून ठेवलेला असायचा, चांगली मणभराची लादी. ती आभाळातून पडली तर खालचा माणूस वाचेल का, असं मी विचारलं. मास्तर निघून गेले, म्हणजे मी जिंकलो.

त्याच साली फाल्गुनात माझी सोयरीक ठरत आली. मुलगी धावडा गावची. मी तिला भोकरदनच्या बाजारात लांबून पाहिलं होतं. ती कासाराशी बांगड्यांवरून वाद घालत होती आणि कासार हरत होता. तेव्हापासून मला दुसरी मुलगी दाखवायची सोय उरली नव्हती.

अडचण होती तिच्या वडिलांची. मारोतराव म्हणजे अंगापिंडानं थोराड, स्वतः औतामागं चालणारा माणूस. बोलणं मोजकं, पण बोलले की पुढच्याची भाकर घशात अडकावी. माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, ते पहिल्याच भेटीत म्हणाले होते, "तुमचा पोरगा बैल धरत न्हाई, मशिनीवर बसतो. उद्या मशीन बंद पडली तर माझ्या पोरीनं काय खावं, रॉकेल?"

तरी बरीच मनधरणी झाल्यावर, येऊन घर बघतो, पटलं तर सुपारी फोडू, असं त्यांनी कबूल केलं. गावच्या जोशीबुवांनी दिवस काढून दिला आणि बजावलं, दिवेलागणीच्या आत सुपारी फुटली पाहिजे. पाडवा पत्रिकेला जुळत नव्हता, पुढचा चांगला दिवस थेट अक्षय तृतीयेला. तोवर मारोतरावांसारखा माणूस दुसरं स्थळ बघणार, हे सांगायला जोशी लागत नाही.

तो दिवस उजाडला. दुपारी भोकरदनच्या अंगानं आभाळ काळं झालं आणि गारा पडायला लागल्या. आधी बोरांएवढ्या, मग लिंबांएवढ्या. कोंबड्या टोपल्याखाली, माणसं उतरंडीशेजारी. बराच वेळ काही दिसेना, नुसता माळवदावर दणदण आवाज. थांबल्यावर बाहेर बघितलं तर गाव पांढरं झालेलं.

आमच्याकडे सगळी मातीच्या माळवदाची, म्हणजे सपाट छपराची घरं. गारा वर पडून वितळल्या की माळवद गळणार, म्हणून सगळं गाव फावडी घेऊन वर चढलं आणि ज्यानं त्यानं आपापल्या गारा खाली बोळात लोटल्या. माळवद ज्याचं त्याचं असतं आणि बोळ कोणाचाच नसतो. वेशीपासून आमच्या घरापर्यंत एकच बोळ, दोन्हीकडे भिंती. तो कमरेपर्यंत गारांनी गच्च भरला. आमच्या गारा लोटून झाल्यावर मी कमरेवर हात ठेवून समाधानानं बघत होतो, आणि तेवढ्यात वेशीवर मारोतरावांची बैलगाडी येऊन थांबली.

वाटेत ओढ्याअलीकडच्या एका देवळात थांबल्यामुळे ते कोरडे होते. त्यांनी बोळाकडे बघितलं. सोबत आलेल्या धाकट्या भावाला म्हणाले, "वाटच बंद हाय. देवाच्या मनात न्हाई असं दिसतंय. बैलं सोडू नको."

आबांनी माळवदावरूनच हात जोडले आणि पाहुण्यांना वेशीजवळच्या पारावर थोडं टेकायची विनंती केली. मारोतराव टेकले, पण बैलांच्या मानेवरचं जू त्यांनी काही उतरवू दिलं नाही. ऊन कलायला लागलं होतं. गावानं फावड्यांनी बोळ उपसायचं म्हटलं तर उपसून टाकायचं कुठं? परत माळवदावर?

मी त्या पांढऱ्या बोळाकडे बघत होतो आणि मला भिंतीवरचं चित्र दिसायला लागलं.

"आबा," मी म्हणालो, "मी वाट मोकळी करतो. ट्रॅक्टरला पुढून फळी लावतो."

आबांनी आभाळाकडे बघितलं. आणखी गारा येताहेत का हे बघत असावेत, असं मी तेव्हा धरून चाललो.

आता फळी कुठली? लोखंडाचा पत्रा गावात नाही. आमच्या शेजारी गणपत सुतार राहायचा, त्याला विचारलं. तो म्हणाला, या गावात जाड, रुंद आणि न मोडणारी फळी एकच हाय, तुमच्या घराचं दार. सागवानी, माझ्या आजानं केलेलं.

आम्ही दार काढलं. आत चुलीपाशी माझी आत्या पुरण वाटत होती. (आई लवकर गेली, घर आत्याच्या हातात.) तिनं मान वर केली तर समोर चौकटीतून सगळं गाव दिसतंय.

"आरं, पाव्हणे यायचे आन् तू दार काढून राह्यलास?"

"दारच नसलं म्हंजे पाव्हण्यांना कडी वाजवावी लागत न्हाई, आत्या."

हे उत्तर मला तेव्हा फार हुशारीचं वाटलं होतं.

बोळ बंद, म्हणून दार डोक्यावर घेऊन मी आणि गणपत एकाच्या माळवदावरून दुसऱ्याच्या माळवदावर असे वेशीकडे निघालो. पारावरून मारोतरावांना आपला होणारा जावई घराचं दार डोक्यावर घेऊन गावाच्या छपरांवरून येताना दिसला. त्यांचे भाऊ काहीतरी बोलले. मारोतरावांनी चिलीम खाली ठेवली.

गोठ्यापाशी मोडक्या गाडीचे दोन दांडे ट्रॅक्टरच्या दोन अंगांना बांधले, वर साखळ्या आवळल्या, पुढे दार आडवं करून ठोकलं. गणपतनं दोनदा विचारलं, हे वळताना कसं वळंल? मी म्हणालो, चित्रात वळलेलं हाय. चित्रात काही वळलेलं नव्हतं. हँडल मारलं, ट्रॅक्टर सुरू झाला, पारावरची पोरं पळाली, आणि मी वेशीतून बोळात घुसलो.

दार गारांवर चढलं. ढकलायचं सोडून ते वरून घसरत राहिलं, ट्रॅक्टर नाक वर करून थांबला. मी मागं घेतला, पुन्हा घातला, पुन्हा तेच. पारावर कोणीतरी हसलं. माझे कान तापले. आणि मग मला मारोतराव उठून येताना दिसले. बैलगाडीकडे नाही, माझ्याकडे.

"वजन न्हाई त्याच्यावर," ते म्हणाले. "फळीवर माणूस लागतो."

आता हे वाचणाऱ्यानं आधी समजून घ्यावं. पेरणीआधी रानातली ढेकळं फोडायला आम्ही बैलांमागं लाकडी फळी ओढतो आणि वजनाला फळीवर माणूस उभा करतो. लहानपणापासून आम्ही सगळे त्या फळीवर उभे राहिलेलो आहोत. त्यामुळे मारोतराव धोतर खोचून इंजिन आणि दार यांच्यामधल्या दांड्यांवर चढून दाराची वरची कड धरून उभे राहिले, तेव्हा आख्ख्या गावात एकाच्याही मनात आलं नाही की रानात फळी मागं असते आणि माती तिच्याही मागं राहते. इथं सगळा माल पुढं होता.

"चल," मारोतराव म्हणाले. त्यांच्या अंगाचं वजन पडलं आणि दार खाली बसलं ते बराबर बसलं.

काय सांगू, गारा सरकायला लागल्या. घरघर करत ट्रॅक्टर पुढं, गारांचा ढीग त्याच्याही पुढं, आणि मागं काळीभोर मोकळी वाट. माळवदांवरून लोक बघत होते. मला वाटलं, हा माणूस आता मुलगी तर देईलच, वर एखादी गायही देईल.

ढीग वाढत गेला. आधी दाराएवढा झाला, मग दारावरून आत पडायला लागला, म्हणजे मारोतरावांच्या पोटावर. पुढून गारा, मागून इंजिनाची वाफ. अर्धं अंग गोठतंय आणि अर्धं भाजतंय. ते ओरडत असणार, पण जोर लावलेल्या त्या ट्रॅक्टरच्या आवाजात ढग गडगडला तरी ऐकू येत नसे. त्यांनी एक हात वर केला. मला वाटलं, शाबासकी. मी वेग वाढवला.

आणखी एक गोष्ट मी धरलेली नव्हती. मारोतराव माझ्या बरोबर समोर उभे होते आणि त्यांचा फेटा चांगला मोठा होता. मला पुढचं काही दिसत नव्हतं. पण बोळ माझ्या पायाखालचा, आमच्या घरापाशी तो डावीकडे वळतो, हे मला झोपेतही ठाऊक. अंदाजानं मी चक्र डावीकडे फिरवलं. पुढची चाकं डावीकडे वळली. ट्रॅक्टर मात्र वळला नाही. एवढा ढीग तोंडावर असला की चाकं फक्त इच्छा दाखवतात.

आम्ही सरळ आमच्या घरावर गेलो. घराला दार नव्हतं.

गारा चौकटीतून आत शिरल्या. मागून आडवं दार आलं आणि चौकटीच्या दोन खांबांना थडकून थांबलं. ट्रॅक्टर धक्क्यानं बंद पडला. मारोतराव थांबले नाहीत. ते दारावरून ढिगावर आणि ढिगावरून बसल्या बसल्या आत घसरत गेले, उंबरा ओलांडून, सारवलेल्या जमिनीवरून, आणि त्यांच्यासाठी मांडलेल्या पाटाच्या पुढ्यात जाऊन थांबले. पाहुणे दारात येतात, अशी म्हणायची पद्धत आहे. आमच्याकडे दार चौकटीत राहिलं आणि पाहुणे पुढं गेले.

आत्या बिचारी काय करणार? पाहुणा आत आला की पाय धुवायला पाणी द्यायचं, एवढं तिच्या हाताला ठाऊक. कमरेपर्यंत गारांत बसलेल्या मारोतरावांपुढं तिनं तांब्या धरला.

मी दारावरून उडी मारून आत गेलो. मारोतरावांचे दात वाजत होते, त्यामुळे ते मला काही बोलू शकले नाहीत. ही त्या दिवसातली पहिली चांगली गोष्ट. आबा माळवदावरून उतरून आले. सगळ्यांनी मिळून पाहुण्यांना बाहेर काढलं, आबांचं धोतर नेसवलं, दोन घोंगड्या पांघरल्या, चुलीपाशी बसवलं. पण डोकं उघडं. त्यांचा फेटा गारांत कुठंतरी पुरलेला. घरंदाज माणूस, सोयऱ्यांच्या घरात, बोडक्यानं बसलाय. कोणाला त्यांच्याकडे बघवेना.

घरात कोरडा फेटा एकच होता, आहेरातला. आमच्यात रीत अशी की सुपारी फुटली की मुलाकडच्यांनी मुलीच्या बापाला फेटा बांधायचा. तो बांधून घेतला की शब्द पक्का. मग माघार घेणाऱ्याला जातगोत नावं ठेवतं. आत्यानं तो फेटा पेटीतून काढला, आबांच्या हातात दिला आणि म्हणाली, "बांध."

आबांनी बांधला. मारोतरावांनी कुडकुडत मान पुढं केली. आत्यानं लगेच कपाळाला कुंकूही लावलं, चांगलं ठसठशीत.

तेवढ्यात मोकळ्या झालेल्या वाटेनं त्यांचे भाऊ धावत आले. (वाट उत्तम मोकळी झाली होती, याची त्या गडबडीत कोणी दखल घेतली नाही.) ते दारापलीकडून आत वाकले, बघतच राहिले आणि म्हणाले, "दादा, फेटा बांधून घेतला तुम्ही?"

मारोतरावांनी हात वर नेला. फेटा चाचपला. मग आबांकडे बघितलं, आत्याकडे बघितलं आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. गणपत सुतारसुद्धा श्वास धरून उभा होता, आणि त्याचं यात काहीच अडकलं नव्हतं.

"मंग आता," मारोतराव म्हणाले, "सुपारी तरी फोडा."

दिवा लागायच्या आत सुपारी फुटली. बैलगाडीचं जू उतरवलं. पुरणपोळी झाली, तूप झालं. वैशाखात लग्न झालं.

सासरे पुढं पुष्कळ वर्षं होते. मशिनीवाल्याला पोरगी कशी काय दिली, असं कोणी विचारलं की ते शांतपणे म्हणायचे, "दिली कुठं? मला थंडी वाजून राह्यल्ती."

मी मात्र सगळ्यांना एकच सांगत आलोय. आमच्या सासऱ्यांनी माझं यंत्र नुसतं लांबून बघितलं नाही. स्वतः त्याच्यावर उभं राहून, वेशीपासून घरापर्यंत येऊन, नीट पारखून घेतलं, आणि मगच मुलगी दिली. यातला एक शब्द खोटा निघाला तर सांगा.