मला सुतक न्हाई म्हणं

त्या दुपारी आमी दोघं ओट्यावर मोड आलेले वाल सोलत बसलो होतो. मी चार सोलेपर्यंत त्याचे दहा व्हायचे. "बोटं हायेत का खुंट्या?" म्हणाला. मी म्हणालो, "तूच सोल मग, लई हुशार." पाणी प्यायला आत गेला तो माठापाशीच बसला. डॉक्टर आला तवा सगळं संपलं होतं.

एकतीस वर्षं एका घरात काढली. भात लावला, म्हशी सांभाळल्या, भांडलो. टेकडीवरच्या देवीपुढं एकमेकांच्या गळ्यात हार घातले, तवा तिसरं कुणी नव्हतं. गावाला सगळं ठावं होतं, तोंडावर कुणी बोलत नव्हतं एवढंच.

गेल्या साली त्यानंच हट्ट धरला, लग्न नोंदवू म्हणून. ग्रामसेवकानं आमच्याकडं बघितलं अन् वही मिटली. "काका, हितं वर आणि वधू असे दोनच रकाने आहेत. वरच्या कोर्टानं पण नाही म्हटलंय. मी काय करू?" बाहेर आल्यावर हा म्हणतो, "मी ऱ्हायलो असतो वधू म्हणून उभा, पण मिशा आडव्या आल्या." मी हसलो न्हाई. हसायला पायजे होतं.

मसणात त्याचा पुतण्या आला. कधी घरात पाऊल न टाकलेला. मडकं त्यानं धरलं, अग्नी त्यानं दिला. मी पुढं झालो तर हात आडवा घातला. "कागदावर तुमी त्याचे कोण? तुमाला सुतक न्हाई, काका. घरी जाऊन खुशाल चूल पेटवा." बाकीचे खाली मान घालून हुबे. ह्यांच्याच पोरींच्या लग्नात सरणावरच्या माणसानं पंगती वाढल्या होत्या.

अरं, मढ्याला आंघोळ कुणी घातली? मी. तवा न्हाई आठवला कुणाला कागद.

घरी आलो. सोललेले वाल पातेल्यात तसेच होते. चूल पेटवली न्हाई.

सकाळी उठून चौकातल्या न्हाव्याकडं गेलो. "डोकं भादर. मिशा पण."

त्यानं वस्तरा धरूनच विचारलं, "काका, तुमच्या घरात कोण गेलं?"

दुकानात तीन-चार गिऱ्हाईकं होती. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "नवरा. चालव वस्तरा."

अन् तसाच भादरलेल्या डोक्यानं पंचायतीच्या पायरीवर जाऊन बसलो. पुतण्याच्या आधी मरणाची नोंद मला करायची होती. नात्याचा रकाना तितं बी असतो. कुलूप अजून उघडलं नव्हतं.