एका डब्यातले शब्द

शोकसभेचा निरोप शाळेच्या शिपायानं आणला. ज्यांनी देशमाने सरांना मानवतच्या या शाळेतून घालवलं, तेच आता त्यांच्या फोटोला हार घालणार होते. तरी गेलो. संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "सरांनी कधी भेद मानला नाही." ऐकून माझी तळपायाची आग मस्तकात गेली…

सर इंग्रजी शिकवायचे, मी गणित. सारखे ऐकू येणारे इंग्रजी शब्द हा त्यांचा नाद. असे शब्द चिठ्ठ्यांवर लिहून ते टोपीत टाकत. ज्या दोन पोरांना जोडीचे शब्द येतील त्यांनी आठवडाभर एका बाकावर बसायचं, आपापल्या शब्दाचं कूळ शोधायचं आणि शनिवारी एका डब्यात जेवायचं. याला ते शब्दांची सोयरीक म्हणत. 'आयलंड' आणि 'आइल', दोन्ही म्हणजे बेट, वाटतात सख्खे पण कुळानं परके, हे सांगताना ते असे खुलत की मीही दाराशी थांबायचो.

विद्यापीठाच्या नामांतरावरून गावं पेटली होती त्या दिवसांत एका मुलीला फुलाचा 'फ्लॉवर' आला, दुसरीला तसाच ऐकू येणारा पिठाचा 'फ्लावर'. मुळात दोन्ही एकच. दळणातलं सगळ्यात चांगलं पीठ म्हणजे दळणाचं फूल. पहिली अध्यक्षांची पुतणी, दुसरी आमच्या दलित वस्तीतली. शनिवारी दोघी एका डब्यात जेवल्या. सोमवारी अध्यक्ष शाळेत हजर.

"शब्दांची सोयरीक ठीक हाय सर, डब्याची कशाला लावायलाव?"

"एका घरचे शब्द हायेत," सर म्हणाले. "मी त्यांना येगळं बसवणार न्हाई."

लवकरच सरांची बदली देवगाव फाट्याच्या पुढच्या शाखेत झाली. पुतणीचा बाक बदलला. आमच्या वस्तीतल्या मुलीला घरच्यांनी भीतीपोटी शाळेतून काढलं, ती पुढं शिकलीच नाही. सरांना तिचा घोर लागला तो कायमचा. एसटीत भेटले की आधी तिचंच विचारायचे.

यंदा विद्यापीठाला नवं नाव मिळालं तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. बातमी सांगितली, तर म्हणाले, "तिची लेक तरी शाळेत जायलीय का?"

शिक्षकांच्या खोलीत माझ्या डब्याशेजारी कुणी बसत नसे. सर बसत, माझ्याच डब्याच्या झाकणात भाकरी घेत. बदली होऊन ते गेले, तरी दर शनिवारी मी झाकण त्यांच्या बाजूला ठेवतो. सभेत डोळे पुसणारे सगळे काल शनिवारी खोलीतच होते. झाकण रिकामंच राहिलं.