आत्याच्या साऱ्या इंग्रज्या

माझी आत्या इथे परदेशात एका टॅक्सी कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये बसते. रूम कसली, खोपटंच ते. एक खिडकी, एक माइक आणि बूड टेकलं की कुरकुरणारी खुर्ची. तिथून ती रेडिओवर सगळ्या ड्रायव्हरांना भाडी सांगते, आणि ज्याला-त्याला त्याच्या इंग्रजीत सांगते. बंदराकडचा ड्रायव्हर वाक्याचा शेवट गात-गात करतो, मग आत्याही गाते. डोंगराकडचा म्हातारा अर्धे शब्द गिळतो, मग तीही गिळते. याला कुणी नक्कल म्हटलं तर माझ्याशी गाठ आहे. म्हाताऱ्या माणसाबरोबर चालताना आपलं पाऊल आपोआप लहान होतं ना, तसं आहे ते. मी क्लास लावून एकच इंग्रजी शिकले, तीही अडखळतच बोलते.

नव्या मॅनेजरला मात्र हा सगळा पोरखेळ वाटला. कंपनीची शोभा जाते म्हणे. यापुढे बातम्यांतल्यासारखी स्वच्छ इंग्रजी बोलायची, नाहीतर माइकवर दुसरी बाई बसेल. आतोबा अंथरुणाला खिळलेले, घर आत्याच्या पगारावर चाललेलं. तिने निमूट मान डोलावली आणि सोमवारी सकाळपासून अशी चकाचक इंग्रजी सुरू केली की ऐकणाऱ्याने सावरूनच बसावं.

दुपारी मी तिचा डबा घेऊन गेले, तर रेडिओ चिडीचूप. एरवी कुणाचं पंक्चर, कुणाची पोटदुखी, सगळं आत्याच्या कानावर यायचं. आज नुसतं ‘येस मॅडम’. शिस्त लागली म्हणून तिथेच उभा मॅनेजर खुशीत होता.

तेवढ्यात डोंगराकडचा म्हातारा टोपी हातात धरून खिडकीशी आला. मागे आणखी तिघे. तो काहीतरी बोलला. मला अर्धंच कळलं, मॅनेजरला तेवढंही नाही. आत्याने खाली बघत मॅनेजरला स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, “तो विचारतोय, माझं काय चुकलं? सकाळपासून ताई परक्यासारखं बोलतायत. मला कामावरून काढताय का?”

मागचे तिघेही तेच विचारायला आले होते. मॅनेजरने म्हाताऱ्याच्या हातातल्या टोपीकडे बघितलं.

“माइक तुमच्याकडेच राहू दे,” तो आत्याला म्हणाला. “आणि बोला, नेहमी बोलता तसं.”

आत्या खिडकीतून काहीतरी गिळत-गिळत बोलली. म्हाताऱ्याने हसून टोपी चढवली. पाच मिनिटांत रेडिओवर कुणाचं तरी पोट दुखू लागलं.