‘आई’ म्हणजे कोण

कबूल करून टाकते. एकदा मी सायगॉनच्या भर रस्त्यात, डोक्यावर परक्या माणसाचं हेल्मेट घालून, मोठमोठ्यानं आईला हाका मारल्या. तेव्हा मी साठी ओलांडली होती. रस्ता तेवढा ओलांडता येत नव्हता.

पण ही गोष्ट माझी नाही. जिनं मला त्या रस्त्यावर पाठवलं, तिची आहे.

व्हँकुव्हरला मी कपडे आल्टर करायच्या दुकानात कामाला लागले होते. मुलगा म्हणायचा, “तुला गरज काय?” गरज ही, की घरी नातवाशी बोलायला जावं, तर तो इंग्रजीत काहीतरी पुटपुटून बेसमेंटमध्ये पसार. दुकानात माझ्या शेजारच्या मशीनवर ती बसायची. बुटकी, केस बारीक कापलेले, ओठांत कायम टाचण्या. मोडकं इंग्रजी बोलायचीही त्या टाचण्यांसकट.

पहिल्याच दिवशी मला सुई टोचली. “आई गं!” मी ओरडले.

मान वर न करता ती म्हणाली, “मी.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा सुई, पुन्हा “आई!”, आणि शेजारून तितक्याच शांतपणे, “मी, मी.”

बाई जरा सटक आहे, असं मी ठरवून टाकलं. सटक कोण ते नंतर कळलं. तिच्या व्हिएतनामी भाषेत ‘आई’ म्हणजे ‘कोण?’ तिला वाटे, ही पुण्याची बाई दिवसभर विचारतेय, कोण आहे, कोण आहे?

“अगं, आमच्यात आई म्हणजे मदर,” मी सांगितलं.

तिनं ओठांतल्या टाचण्या काढल्या. “या वयात बोलावतेस? येते?”

“नाही गं.”

“मग मीच म्हणते, ‘मी’.” आणि टाचण्या परत ओठांत.

मला ती ‘ची’ म्हणायची. ची म्हणजे ताई. मी मनात म्हणे, कुणाची? पण हाकेला ओ द्यायला लागले.

व्हँकुव्हरच्या रस्त्यांना ती नावं ठेवायची. सुटल्यावर आम्ही बसला निघायचो. बटण दाबून सिग्नलपाशी उभं राहिलं, की हिची सुरुवात. “आजारी रस्ता. आवाजच नाही.” मग तिथेच, पावसात, ती मला सायगॉनचा रस्ता शिकवायची. “थांबायचं नाही. पळायचं नाही. मागे बघायचं नाही. स्कूटरी तुला वळसा घालून जातात.”

तिची आई रस्त्याच्या कोपऱ्यावर तांदळाची पेज विकायची. पोरवयात एका सकाळी ही समोरच्या बाजूला गेली. तिथून काकाबरोबर बंदर, होडी, परदेश. “तेव्हाही मागे पाहिलं नाही,” ती म्हणाली. “आईनंच शिकवलं होतं ना.”

“मग आता जाऊन का येत नाहीस?” मी शहाणपणा केला.

“आई?” तिनं विचारलं.

म्हणजे कोण? कोण आहे तिथे आता? पण माझ्या कानांना तो शब्द एकच अर्थ सांगत होता. मी सिग्नलचं बटण उगाच पुन्हा दाबलं. मला गप्प बसवणं सोपं नाही, हे माझी सून सांगेल.

पुढे भारतात जाताना मुलानं वाटेत सायगॉनला थांबायचं ठरवलं. तिला सांगितलं, तर ती बराच वेळ एकाच पँटची दुमड उलगडत बसली. मग म्हणाली, “ची, रस्ता ओलांडून माझ्या कोपऱ्यावर जा. नुसती उभी राहा तिथे.”

मी म्हटलं, हात्तिच्या! मी पुण्यात लूना चालवलेली बाई.

काय सांगू तुम्हाला! फुटपाथवर वीतभर उंचीच्या प्लॅस्टिकच्या स्टुलांवर माणसं रस्सा भुरकतायत, भिंतीला आरसा टांगून न्हावी दाढी करतोय, एका स्कूटरवर अख्खं कपाट, आणि रस्ता म्हणजे पूर आलेली नदी. निम्म्यात पोचले आणि पुणेरी बाण्यानं हात वर केला. वाटलं, थांबतील. थांबला एकच. त्यानं हसून माझ्या हातात हेल्मेट दिलं. मी म्हटलं, वा, पायी जाणाऱ्यांची केवढी काळजी! आणि घातलं की! तो भाड्यानं माणसं नेणारा स्कूटरवाला. मागे बस म्हणत होता. दोन्हीकडून स्कूटरींचा लोंढा. ना पुढे जाता येईना, ना मागे, आणि तोंडातून निघालं, “आई! आई गं!”

परतल्यावर दुकानात मी हे सगळं नकलांसकट सांगितलं. हसता हसता तिच्या टाचण्या सांडल्या.

आता ती नाही. गेल्या हिवाळ्यात गेली. मी घरीच शिवते, सुई अजून टोचते, मी अजून ओरडते, आणि मग नकळत थोडा वेळ थांबते. पण त्या दिवशी ती होती, आणि हसणं थांबल्यावर तिनं विचारलं, “मग? तू विचारलंस, कोण? कुणी म्हटलं का, मी?”

“म्हणालं नाही कुणी. पण खांद्यावर कावड घेतलेली एक म्हातारी आली. माझ्या डोक्यावरचं हेल्मेट काढून त्याला दिलं, कोपर धरलं आणि चालायला लागली. पलीकडे तुझ्या कोपऱ्यावर सोडलं आणि गेली. पेज नाही गं तिथे, मोबाइलचं दुकान आहे.”

मोबाइलच्या दुकानाकडे तिचं लक्षच नव्हतं.

“जाताना मागे पाहिलं तिनं?”

“नाही.”

ती खाली वाकली, एकेक टाचणी वेचून ओठांत धरली आणि त्यांच्या आडून म्हणाली, “मग ती आमच्याच कोपऱ्यावरची.”