नासपतीला घातलेलं पाणी

बेर्लेंडा कशी बाई होती असं कुणी विचारलं असतं, तर गेझो गोंधळला असता. वीस वर्षं तो गावच्या चर्चची घंटा वाजवत होता. त्याची खोली आणि पाद्रीबाबांचं घर यांच्यात एकच अंगण. पण पाद्रीबाबांच्या बायकोबद्दल त्याला ठाऊक होतं ते एवढंच, की ती भाकरीत मीठ जरा जास्त घालते, आणि वेदीवरची कापडं धुतली की पहिलं पाणी ओढ्यात न टाकता भिंतीलगतच्या नासपतीला घालते. पवित्र भाकरीचा एखादा कण त्यात असला तर तो कुणाच्या पायाखाली येऊ नये, म्हणून. त्या झाडाच्या फळाने ताप उतरतो, असं मिलानपर्यंत म्हणत.

धुक्याच्या दिवसांत ती कापडं वाळत घाली. कापड कुठे संपलं आणि धुकं कुठे सुरू झालं, ते घंटेच्या मनोऱ्यावरून कळत नसे. गेझो बघत राही.

त्या वर्षी रोमहून पोपचा हुकूम आला. बायको असलेल्या पाद्र्याचा मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, कुणी ऐकू नये. याच पाद्रीबाबांच्या, लांदोल्फोबाबांच्या, लग्नात सगळं गाव जेवलं होतं. तेच गाव आता रविवारी चर्चबाहेर उभं राही, आत कुणी पाऊल टाकत नसे. गेझोही भ्याला. चार रविवार त्याने घंटेच्या दोराला हात लावला नाही.

"ऐकला तरी पाप, नाही ऐकला तरी पाप," लोहाराची आई तेउझा म्हणाली. "पोपना विचारा म्हणावं, तिसरी वाट आहे का."

"तुला कशाला वाट, म्हातारे? तुझं पाप करायचं वय गेलं," कुणीतरी म्हणालं.

लोहार तापाने पडला होता. तेउझा बोलता बोलता अंगणातल्या झाडाखाली ओटीत नासपती भरत होती. बेर्लेंडा दारात आली.

"आत्याबाई, माझ्या नवऱ्याचा मिस्सा बाटला, आणि मी पाणी घातलेली फळं नाही बाटली होय?"

तेउझा थबकली. "फळांचं हुकुमात काही नाही गं."

बेर्लेंडा हसली. तिचं हसणं गेझोने तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

फळांनी ताप उतरला नाही. लोहार शेवटच्या घटका मोजत होता, तेव्हा लांदोल्फोबाबा मरणाऱ्याला लावायचं पवित्र तेल घेऊन गेले. घरच्यांनी त्यांना उंबरठ्याबाहेरच थांबवलं. लोहार तेलावाचून तसाच गेला.

त्यानंतर बेर्लेंडा नवऱ्याशी काय बोलली, गेझोला कधीच कळलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गाठोडं घेऊन अंगणात उभी होती. ओढ्यापलीकडे तिच्या भावाची पाणचक्की होती. नासपतीचं झाड धुक्यात अर्धंच दिसत होतं, तीही अर्धीच.

"पुन्हा कुणी तसं जायला नको," ती म्हणाली. "मी गेले की लोक त्यांना घरात घेतील."

गेझोने मान खाली घातली. चार रविवारांचं त्याला बोलायचं होतं.

"पहिलं पाणी झाडालाच घाल," ती म्हणाली.

"घालतो, वहिनी."

"आणि धुक्यात पूल सापडत नाही. पलीकडे पोचेस्तोवर घंटा वाजवशील?"

"वाजवतो. फळ्या ओल्या आहेत, जपून पाय टाका."

"बरं. आणि तो सदरा धू आता, किती दिवस घालतोस."