धुऱ्याजवळची पात

एकट्या माणसाकडे किस्से साचतात. माझ्याकडे त्या रोगाच्या दिवसांचे इतके साचलेत, की भाजी निवडताना मीच मला सांगत बसते आणि हसायलाही मीच असते! आज तुम्ही आलात, तर ऐका.

सौंसरजवळच्या एका शेतात आम्ही बारा बाया कपाशीतलं गवत काढायला, निंदणाला जायचो. मी टोळीची म्होरकी. एकेकीच्या वाट्याला येणारी कपाशीची पट्टी म्हणजे तिची पात. धुऱ्याजवळची, बांधालगतची पहिली पात माझी, आणि माझ्या चालीनं सगळी टोळी सरकायची. रोग आला तसा शेतवाल्या भाऊचा फोन आला, "मावशी, म्हाताऱ्या माणसानं घरीच राहाव म्हणतात. तुमी फोनवरून टोळी चालवा."

चालवली. पण जीव पातीत अडकलेला. कारण ती मला कशी मिळाली, ते मलाच ठाऊक. आधीची म्होरकी पंधरा दिवस तापानं पडली, तेवढ्यात मी तिच्या पातीत बसले. ती परत आली, धुऱ्यावर उभी राहिली. मी मान वर केली नाही. ती मुकाट्यानं शेवटच्या पातीला गेली.

*

दोघींच्या मधे एक पात रिकामी सोडायची, असा नियम निघाला. कानात बोलणाऱ्या बाया आता ओरडून बोलू लागल्या. शेवंतानं सासूच्या स्वयंपाकाचं गाऱ्हाणं कांताला सांगितलं, ते चार पाती पलीकडे खुद्द सासूला ऐकू गेलं. सासूनं हात थांबवला नाही. म्हणाली, "त्या दिवशी वरणात मीठ तुह्या नवऱ्यानं टाकलं होतं. म्या नाही."

*

भाऊनं कपाळावर धरून ताप मोजायची मशीन आणली. लोधीखेड्याची बस बंद, बाया उन्हातून पायी आलेल्या. अकराही जणींना ताप निघाला! भाऊ घाबरला. "मावशी, सगळ्यांले घरी पाठवून राहिलो."

मी म्हटलं, "आधी निंबाखाली बसवा, पाणी पाजा, मंग मोजा."

अर्ध्या तासानं ताप उरला तो फक्त भाऊला. तो उन्हातच उभा होता.

*

एकदा भाऊ म्हणाला, "तोंडं बांधलेली, ओळखू येत नाहीत. पण आज अकराच्या बारा दिसून राहिल्या."

मी सांगितलं, गवत मुळासकट कोणाचं निघत नाही, ते पाहा. एकीचं वरूनच तुटत होतं. "मंग ती बाई नोहे," मी म्हटलं.

शेवंताचा नवरा निघाला. हॉटेलातलं काम बंद, म्हणून बायकोचं लुगडं डोक्यावरून घेऊन आलेला. भाऊनं फोन त्याच्या हातात दिला. तो मला म्हणतो, "घरी भिंतीसंगं किती बोलाव, मावशी?"

माझा मुलगा नागपूरला अडकलेला. मीही भिंतीशीच बोलत होते.

*

मग एक दिवस फोनवर कांता खोकली. घरी राह्य, म्हटलं. ती रडकुंडीला आली. "माही पात जाईन ना वं, आजी."

मला धुऱ्यावर उभी असलेली ती आधीची म्होरकी दिसली. त्याच घडीला टोळीला सांगितलं, जी आजारी, तिची पात तशीच राहील. ती येईल तेव्हा तीच निंदेल. रिकाम्या पातीत गवत माजेल म्हणून भाऊ कुरकुरला. पण त्यानंतर कोणी खोकला लपवला नाही. कांता बरी होऊन आली आणि आपल्याच पातीत बसली.

*

पुढच्या साली सगळं उघडलं. टोळी कांताच चालवू लागली, माझा फोन वाजेनासा झाला. माझ्या पातीचं मी तरी कोणत्या तोंडानं विचारणार? कपाशी गुडघ्याला लागली, मग कमरेला लागली असेल. मी घरी अंदाज करत होते.

एका संध्याकाळी भाऊचा फोन, चिडलेला. "मावशी, धुऱ्याजवळच्या पातीत कमरेएवढं गवत झालं. एक बाई हात लावून नाही राहिली. तुमचीच हाय म्हणतात. मी काय करू?"

सकाळी खुरपं घेऊन गेले. धुऱ्यावर उभी राहिले. अकरा जणी मान खाली घालून निंदत होत्या. कोणी वर पाहिलं नाही.

मी पातीत उतरले. गवत एवढं, की बसले तशी दिसेनाशी झाले. पुढे गवत, मागे गवत.

बाजूच्या पातीतून कांताचा आवाज आला, "आजी, हाय नं वं तू?"

"हाय," मी म्हटलं.