मेजावरचा पाव

भट्टीवाली मावशी कुणाची सख्खी मावशी होती असं कुणाला माहीत नव्हतं. तरी सगळी गल्ली तिला मावशीच म्हणायची, बोबडं बोलणाऱ्या पोरांपासून काठी टेकत येणाऱ्या घड्याळजींपर्यंत. बापाच्या मागं बेकरी तिनं एकटीनं ओढली. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. पाव शिळा असला की ती तोंडावर सांगायची, "कालचा आहे, दातांवर भरवसा असेल तर घ्या." बाई फटकळ, पण हातात कसब असं की कालचा पावही लोक मुकाट्यानं घेऊन जायचे.

चर्चमध्ये येशूच्या आठवणीत सगळे मिळून खातात तो प्रभुभोजनाचा पावही तीच करायची. मोठा, गोल, वरून तांबूस, आतून कापसासारखा. त्या चर्चची एक जुनी रीत होती. मेजावरचा पाव कुणी आपल्या हातानं घ्यायचा नाही. शेजाऱ्यानं तोडून द्यायचा, आपण हात पसरायचा, आणि मग आपण पुढच्याला तोडून द्यायचा. पाव असा बाकामागून बाक फिरत शेवटच्या बाकावर पोचायचा. आणि शेवटच्या बाकाच्या दाराकडच्या टोकाला बसायची आपली मावशी.

आता गंमत बघा. पाव दोन बाक पुढं असतानाच हिला खोकला यायचा. खोकत खोकत बाई जी बाहेर जायची, ती शेवटचं गीत सुरू झाल्यावर परत. सुरुवातीला लोकांनी काळजी केली, कुणी आल्याचा काढा सुचवला. मग सगळ्यांना कळून चुकलं की हा खोकला औषधाचा नाही. आणि मग जे नेहमी होतं तेच झालं, लोकांना सवय झाली.

चर्चच्या पाळकसाहेबांना मात्र झाली नाही. म्हातारा, काटकुळा माणूस, चष्मा सदानकदा कपाळावर. शनिवारी पाव न्यायला ते स्वतः यायचे आणि जाता जाता दर वेळी एकच विचारायचे.

"उद्या घेणार ना, मावशी?"

"मला भूक नाही, पाळकसाहेब."

"मेज भुकेल्यांचंच आहे. लायकांसाठी मांडलं असतं तर मी तरी कशाला गेलो असतो तिथं?"

"पाव सांभाळून न्या. मागच्या खेपेला कोपर लागून चेपला होता," असं म्हणून ही आत वळायची.

भूक नाही म्हणे! खोटं, साफ खोटं. शनिवारी पीठ मळायला घेतलं की तिचा जीव नुसता कासावीस व्हायचा. एकाच पिठाचे ती दोन पाव करायची, एक मेजासाठी आणि एक घरासाठी. दोन्ही शेजारी शेजारी भट्टीत जायचे. घरचा पाव ती उभ्या उभ्या तोडून खायची आणि नजर सगळी त्या दुसऱ्यावर. तेच पीठ, तेच मीठ, तीच आच, पण घशाखाली उतरलेल्या घासानं तिचं काही म्हणजे काही भागायचं नाही. मेजाचा पाव फडक्यात गुंडाळताना ती त्याच्यावर हात ठेवून थांबायची. एवढं जवळ असून आपलं नाही, याचं दुःख तिला दर खेपेला नव्यानं व्हायचं. मग फडक्यावर सांडलेला चुराही ती बोटानं टिपायची नाही, झटकून टाकायची.

हे सगळं का, तर एका दुपारमुळं.

तिला एक धाकटी बहीण होती. गोड गळ्याची, लाडावलेली. बाप अंथरुणाला खिळला आणि त्याच सुमाराला ही बहीण एका परगावच्या माणसाशी लग्न करून निघून गेली. बाप रोज विचारायचा, "धाकटी आली का?" मावशी रोज सांगायची, "येईल." ती आली नाही. बाप तिचं नाव घेत घेतच गेला, आणि मावशीच्या मनात जी अढी बसली ती बसली.

पुढं कधीतरी, एका भर दुपारी, धाकटी दुकानासमोर येऊन उभी राहिली. नवरा राहिला नव्हता, अंगावरचं लुगडं विटलेलं, बोटाला एक लहान पोर. "ताई," ती म्हणाली, "भूक लागलीय. एक पाव दे." मावशीनं तिच्याकडं पाहिलं, हात वर केला आणि धाडकन शटर खाली ओढलं. मग त्या अंधारात तशीच उभी राहिली. बाहेर बराच वेळ कुणी हललं नाही. नंतर पावलं गेली.

संध्याकाळी राग उतरला तेव्हा ही पाव पदरात घेऊन स्टँडपर्यंत धावली, पण तोवर कुणी नव्हतं. पुढं शोध घेतला, निरोप धाडले. शेवटी एका ओळखीच्या माणसाकडून एवढंच कळलं की धाकटी वारली. संपलं. आता माफी मागायची तर कुणाची? ज्या हातानं पाठच्या बहिणीच्या भुकेला पाव दिला नाही, तो हात प्रभूपुढं पसरायचा कसा? तिनं मनाशी ठरवून टाकलं की आपण मेजाचा पाव करायचा, जन्मभर करायचा, चांगल्यात चांगला करायचा, पण खायचा नाही. देवानं असं काही मागितलं होतं का? छे. पण हट्टी माणसं देवाच्या वतीनंही स्वतःच निकाल देऊन मोकळी होतात.

आणि मग तो शनिवार आला.

मावशी भट्टीतून ट्रे काढायला वाकली होती. पाठीमागं, दुकानाच्या फळीपाशी, कुणीतरी म्हणालं, "एक पाव द्या."

तोच आवाज. अगदी तोच गोड गळा. मावशीच्या हातून ती चूक झाली जी बेकरीतलं शेंबडं पोरही करत नाही. शेजारचं ओलं फडकं उचलून तिनं दोन्ही हातांनी ट्रे धरला. ओलं फडकं तापल्या लोखंडाला लागलं की वाफ होते आणि ती थेट कातडीत शिरते. ट्रे खाली आदळला. मेजाचा पाव राखेत लोळत गेला, घरचाही.

बाहेरची मुलगी फळी उचलून आत आली. काही न विचारता तिनं मावशीचे हात पाण्याच्या बादलीत धरले आणि धरूनच ठेवले.

"तू कोण गं?" मावशीनं विचारलं. खरं तर तिला कळलं होतं.

"तुझ्या धाकटीची मुलगी. इथल्या शाळेत शिकवायला लागलेय." मग म्हणाली, "मावशी, तू आधी डॉक्टरकडं चल."

डॉक्टरांनी दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या बांधल्या. पाळकसाहेब पाव न्यायला आले तर दुकानात पीठ सांडलेलं, मावशी खुर्चीवर, आणि एक अनोळखी पोरगी बाह्या सरसावून परातीशी भांडतेय.

"विकतचा आणा कुठून तरी," मावशी म्हणाली. "हिला मळता येत नाही."

"येईल," भाची म्हणाली.

आलं नाही. मावशी खुर्चीवरून ओरडत राहिली, अगं तळहातानं दाब, बोटांनी काय गुदगुल्या करतेस त्याला, आणि त्या पिठानं कुणाचंच ऐकलं नाही. पाव निघाला तो एका बाजूला बसलेला, दुसऱ्या बाजूला फुगलेला. मावशीला रडू कोसळलं. लोकांना वाटलं हात दुखतायत. तिला मात्र वाटत होतं, देवाला द्यायला आपल्याकडं एवढी एकच गोष्ट होती, आता तीही राहिली नाही.

पाळकसाहेबांनी तो वाकडा पाव फडक्यात गुंडाळला. "छान आहे," म्हणाले. चष्मा अर्थातच कपाळावर होता.

रविवारी मावशी टोकालाच बसायला गेली, पण भाची म्हणाली, "उन्हाची तिरीप येतेय, तू आत सरक," आणि स्वतः दाराकडं बसली. झालं, बाहेर जायची वाट बंद. पलीकडून घड्याळजी. पाव पुढच्या बाकावर आला तेव्हा मावशी खोकली. कुणी सरकलं नाही. घड्याळजींना त्या दिवशी नेमकं ऐकू आलं नाही म्हणे.

पावाचं ताट घड्याळजींकडं आलं. त्यांनी मावशीच्या पट्ट्या पाहिल्या आणि ताट तिच्या डोक्यावरून भाचीच्या हातात दिलं. भाचीनं पावाचा तुकडा मोडला आणि तो मावशीच्या तोंडाजवळ नेला.

"मला नको," मावशी पुटपुटली. "तुला माहीत नाही मी काय केलंय."

"माहीत आहे. मी तिथंच होते. आईचं बोट धरून."

मावशीनं डोळे मिटले.

"शटर पुरतं खाली गेलं नव्हतं," भाची हळूच म्हणाली. "खालून तुझे पाय दिसत होते मला. पिठानं भरलेले. मी आईला दाखवले. आई म्हणाली, बघ, ताई आत गेली नाही. उभी आहे. तिला तिथंच माफ करून आम्ही निघालो, मावशी. आई शेवटपर्यंत तेच सांगायची, ताई उभी होती म्हणून. परत यायचं तिच्या फार मनात होतं. आजारपणानं होऊ दिलं नाही."

म्हणजे ही अंधारात उभी राहून रागानं धुमसत होती, तेव्हाच बाहेर माफी होऊन गेली होती. न मागता, उपाशीपोटी. आणि ही इतकी वर्षं फेडत बसली होती. मावशीनं समोर पाहिलं. मेजाशी पाळकसाहेब उभे होते, आणि कधी नव्हे तो त्यांचा चष्मा डोळ्यांवर होता. कुणालाच घाई नव्हती. भाचीचा हात तसाच, तोंडाशी.

मावशीला हात पसरायचा होता, पण पट्ट्यांत बोटंही मिटत नव्हती. देण्यासारखं काही नाही, घेण्यासारखे हातही नाहीत. तिनं भाचीकडं पाहिलं आणि शब्द तिच्या तोंडून आपोआप आले, लहान मुलीच्या आवाजात.

"भूक लागलीय गं मला."

आणि तिनं तोंड उघडलं.

पाव आतून कच्चा होता. मीठ जास्त पडलं होतं, की ते डोळ्यांतलं होतं, हे तिला सांगता आलं नसतं. तिनं तो सावकाश चावला, एकेक कण जिभेवर घोळवत. हनुवटीवर चुरा सांडला तो भाचीनं बोटानं टिपला आणि तोही तिला भरवला.